दोन ते आठ

हर्णैच्या बर्फ कारखान्यात सव्वीस वर्षं काढली,
तरी थंडी किती ठेवायची
हे मला मोहिते सिस्टरनं शिकवलं.

वादळानंतरचा नववा दिवस.
विजेचे खांब अजून आडवेच,
आमचा जनरेटर तेवढा खोकत चालू.
ती आली, खांद्याला निळा डबा.
म्हणाली, बर्फ द्या.
मी टोच्यानं लादी फोडली,
सुरमईवर ओततो तसा चुरा ओतायला गेलो
तर मनगट धरलं तिनं.
"गोठली की मेली ही. दोन ते आठ, त्याच्या खाली नाही.
आधी पिशवीत भरा, पाणी सुटू द्या,
कानाशी हलवून बघा. डुचमळलं पाहिजे."

कसली आहे, विचारलं.
"काविळीची. ब."

मी टोच्या खाली ठेवला.

ब.
तीन वर्षांपूर्वी मंडळाच्या शिबिरात
बाटलीभर रक्त देऊन केळं खाऊन घरी आलो,
मागून ही चिठ्ठी आली.
दापोलीचे डॉक्टर म्हणाले,
ही आता राहायलाच आली आहे.
दारू बंद. सहा महिन्यांनी येत जा.
आणि लस?
तुम्हाला आता उपयोग नाही,
घरातल्यांना टोचून घ्या.

म्हणजे समुद्र माझ्या माजघरात शिरलेला,
आणि बंधारा बांधायचा शेजाऱ्याच्या अंगणाला,
दगड मी वाहायचे.

गोमती म्हणाली, तीस वर्षं एका ताटात जेवले,
आता सुई घेऊन गावाला दवंडी देऊ?
ताटानं होत नाही,
हे डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं.
ती ताटाबद्दल बोलतच नव्हती.

धाकू, माझा पाठचा, म्हणाला,
तपासलं की निघतं. न तपासणाऱ्याला काय होतंय?
आईला काय झालं होतं, मी म्हटलं.
तो जाळ्याचं भोक शोधायला लागला.
आईच्या हातांवरून चुन्याच्या पाण्यात
कावीळ उतरवली होती आम्ही,
परातीत पाणी पिवळं झालेलं दोघांनी पाहिलं होतं.
उतरली, उतरली, म्हणाले सगळे.
श्रावणात पोट फुगून गेली.

आणि मी?
मी कुणाला शहाणपण शिकवत नव्हतो.
मला त्या बाटलीचा राग होता.
एवढीशी, काचेची, माझ्या अंगठ्याएवढी,
आणि माझ्या जन्मानंतर आलेली.
पन्नाशीला टेकलेल्या माणसानं
तान्ह्या पोरांचा हेवा करावा,
ही कुठल्या तोंडानं सांगायची गोष्ट?

"कुणासाठी?" मी विचारलं.
"पहाटे पाजपंढरीत एक घरीच मोकळी झाली.
चोवीस तासांत द्यायची असते."
सुरूची झाडं रस्त्यावर पडलेली, गाडी जाणार नव्हती.
डबा मी घेतला.
चिखलातून, तारा चुकवत,
दर दहा पावलांना पिशवी कानाशी.
डुचमळत होतं.
आयुष्यभर मासळी मरू नये म्हणून नाही,
मेलेली नासू नये म्हणून बर्फ फोडला.
जिवंत काहीतरी थंडीतून नेतोय,
आणि थंडीच त्याला मारेल अशी भीती वाटतेय,
हे पहिल्यांदाच.

मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो.
आत जायला कुणी नको म्हटलं नव्हतं.
पोर रडलं. सणकून, रागानं.
बरं वाटलं, असं म्हणवत नाही.
डब्याचं झाकण हातात होतं,
ते मी पुसत बसलो.

सिस्टरला परतताना सांगितलं, मला आहे म्हणून.
ती म्हणाली, रजिस्टरात वाचलंय.
मग बराच वेळ दोघं नुसते चालत राहिलो.

लिलाव पुन्हा सुरू झाला त्या आठवड्यात
गोमती कोळंबी सोलता सोलता,
माझ्याकडे न बघता म्हणाली,
कुठल्या हातात देतात?
उजव्यात नको.
उजवा मला उद्या लागेल.