चार बोटं

लाल एमजी माझी नाही, हे आधीच सांगतो.
ती गायधनी शेठची. त्यांची द्राक्षं दुबईला जातात
आणि गाडी माझ्याकडे येते, सातपूरला,
महिन्यातून दोनदा, कधी तीनदा,
माहेरवाशिणीसारखी, काही ना काही कुरबुर घेऊन.

मी ओझरला अ‍ॅप्रेंटिस होतो, विमानांच्या शॉपमध्ये.
लोक हसतात : दगू, मिगवरून एमजीवर आलास,
पंख तेवढे गळाले.

इंची पाने जुन्या बाजारातून एकेक करून जमवले.
कार्ब्युरेटर दोन. दोघांनी एका दमात श्वास घ्यायचा.
रबरी नळीचं एक टोक त्यांच्या तोंडाशी, एक माझ्या कानात,
बसायचं ऐकत.
जुळले की कळतं. कसं, ते विचारू नका.

मग ट्रायल. पहाटे, त्र्यंबक रस्ता.
शेठला वाटतं मी पपया नर्सरीवरून वळतो.
मी अंजनेरीला वळतो.

तिथेच ती हिरवी पहिल्यांदा समोरून आली,
बॉनेटवर बेडकाचे डोळे, टप उघडा,
आत एक म्हातारी, डोक्याला रुमाल करकचून.
दिवे दोनदा मिचकावले
आणि स्टिअरिंगवरचा हात उचलला.
मला वाटलं, चाकात हवा नाही.
वाटलं, पुढे पोलीस उभा आहे.
महिरावणीला थांबून चारी टायरना लाथा मारून पाहिल्या.
काही नव्हतं.
नुसता रामराम होता.

पुढच्या खेपेला मीही हात वर केला.
मग ते ठरूनच गेलं. न बोलता, न थांबता,
ताशी साठ आणि साठ, म्हणजे डोळ्याचं पातं लवेतो.
तेवढ्यासाठी मी कधी कधी
बरी असलेली गाडीही ट्रायलला काढली. खोटं कशाला बोलू.

लुनावर मात्र मी कुणी नाही.
एकदा कॉलेज रोडच्या सिग्नलला ती शेजारीच उभी,
मी हात केला, ती लाल दिव्याकडे बघत राहिली.
बरोबरच आहे, म्हटलं.
मुजरा घोड्याला असतो,
मोतद्दाराने मान कशाला लववायची.

जानेवारीत, धुकं इतकं की बेळगाव ढगा दिसेना,
ती कडेला उभी, बॉनेट वर, आतून चूं नाही की चां नाही.
मी लुना लावली.
पॉइंट काळे पडले होते. काडेपेटीच्या कडेने घासले,
फुंकर मारली.
ती माझ्या हाताकडे बघत होती.

“तुम्ही लाल गाडी,” म्हणाली.
गाडी शेठची, म्हटलं.
“शेठना ओळखते. ते हात करतात तेव्हा घड्याळ दाखवतात.
त्यांची बोटं पाच. तुमची चार.”

करंगळी ओझरच्या लेथने घेतली, एकोणऐंशी साली.
घरच्यांनाही आता आठवत नाही.
“चाळीस वर्षं दात काढले मी,” उपासनी बाई म्हणाल्या,
“काय नाही, ते आधी दिसतं.”

सिग्नलचं विचारणार होतो. राहून गेलं.
रात्री जेवताना लक्षात आलं :
त्या दिवशी मी हातमोजे घातले होते.
मोज्याला पाच बोटं असतात.

संक्रांत झाली आणि शेठने एमजी पुण्याला विकली.
त्यांनी आता मोठी घेतलीय, सात जणांची,
तिला माझी गरज पडत नाही.
इंची पाने तेल लावून डब्यात ठेवलेत.

काल पहाटे लुनावरून त्र्यंबकला निघालो होतो, साडूकडे.
कडाक्याची थंडी, पण मोजे खिशातच.
वळणावर हिरवी दिसली, मी हात वर केला,
रिकामा, गार पडलेला,
आणि तिने दिवे मिचकावले. दोनदा.

लागला एकच.
डावा मेला आहे, अर्थिंग सुटलं असणार,
मी ओरडलो : बाई, डावा!
पण ती केव्हाच
महिरावणीच्या पलीकडे.