चाळीस सेकंदांची गर्दी

ओळीपासून बोर्डापर्यंत सात फूट सव्वानऊ इंच.
तीस वर्षं हे अंतर मी झोपेतही सांगत आले.
यंदा सरकारनं आणखी एक दिलं,
माणसापासून माणसापर्यंत दोन मीटर,
म्हणजे सहा फूट पावणेसात इंच.
बोर्ड आपला आधीपासूनच नियम पाळत होता,
वर सव्वा फूट जास्तच.

कोव्हेंट्रीत रिंगरोडला लागून हॉटेल.
खिडक्या उघडत नाहीत.
सकाळी नाकात काडी, दाराशी पिशवीत नाश्ता,
अंडं गार, बीन्स त्याहून गार.
खेळाडू आपापल्या खोलीत कपाटाला बोर्ड टांगून
रात्रभर टक्, टक्, टक्,
सुतारपक्षी क्वारंटाइन केल्यासारखे.

हॉलमध्ये दोन हजार खुर्च्या
एकावर एक रचून काळ्या कापडाखाली.
मी माईकवर एकशे ऐंशी पुकारते.
(ते नुसतं म्हणायचं नसतं,
'ऐं'वर अख्खा श्वास रिता करायचा असतो.)
आवाज कापडावर आपटतो
आणि परत येतो माझ्याच पत्त्यावर,
कुणी सोडवून न घेतलेल्या पार्सलासारखा.

टीव्हीवाल्यांना हे सुनंपण परवडेना.
म्हणून किअरन, वय वर्षं एकोणीस,
कोपऱ्यात बसून गर्दी सोडतो.
कुठल्याशा जुन्या मॅचची, चाळीस सेकंदांची,
संपली की पुन्हा पहिल्यापासून.
शिट्ट्या, पेल्यांचा खणखणाट, एक बेसूर कोरस,
आणि एकतिसाव्या सेकंदाला
कुणीतरी खोकतं.

पहिल्या दिवशी आम्ही सगळेच दचकून वळलो.
कॅमेरावाल्यानं तर मास्क वर ओढला.

शुक्रवारी गेथिन प्रॉसर विरुद्ध वीबे हूकस्ट्रा.
गेथिन अॅमनफर्डचा, हाडाचा गिलावेवाला.
त्याचा बाप इद्रिस, जन्म खाणीत गेलेला,
दर मॅचला पहिल्या रांगेत,
माझ्या आधी बेरीज ओरडायचा
आणि हमखास चुकायचा.
वर मलाच, "ग्लेनिस, तुझं गणित कच्चं!"
एप्रिलमध्ये गेला.
मातीला दहाच माणसं, पाद्री धरून.

शेवटचा लेग. गेथिनला चाळीस हवेत.
पहिला डार्ट विसात, पण दुपटीत नाही.
उरले वीस. दहाची दुप्पट.
त्यानं हात उचलला,
आणि खोकला.
हात खाली आला.

किअरननं घाबरून बटण दाबलं.
बारमागच्या बर्फाच्या मशीनची घरघर ऐकू येऊ लागली.
गेथिन न वळताच म्हणाला,
"चालू ठेव, पोरा."

पुन्हा शिट्ट्या. पुन्हा पेले.
वीबे मागे उभा, पाण्याच्या ग्लासाला हातही न लावता.
ज्या वर्षी कुणी खोकलं की
लोक एक स्टॉप आधीच बसमधून उतरत होते,
त्या वर्षी आम्ही चौघं
एका खोकल्याची वाट बघत होतो.

आला.
दुसरा डार्ट तारेबाहेर.
तिसराही. केसभरानं.

"वीस," मी पुकारलं.
एवढासा आकडा, पण हॉलमध्ये
बराच वेळ घुटमळत राहिला.

पुढच्या फेरीत वीबेनं संपवलं.
कोपराला कोपर लावून दोघं दोन दारांनी गेले.

तो इद्रिसचाच होता का, मी विचारलं नाही.
किअरनला तर रेकॉर्डिंग कुठलं तेही ठाऊक नव्हतं.
शिवाय खाणीतून आलेला दर दुसरा माणूस
तसाच खोकतो.

शनिवारी लॉबीत किअरननं टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला
आणि दोन मीटर मागे सरकला.
गेथिननं तो उचलला, पुसला नाही,
डार्टच्या डबीत टाकला.

दुपारच्या मॅचमध्ये साठ, साठ आणि वीस.
एकशे चाळीस पुकारण्याआधी
मी क्षणभर थांबले,
कुणीतरी आधी चुकीचं ओरडेल म्हणून.