काटा

ताम्हाणे बाई कोलशेतहून वसईला गाउन पोचवतात,
शिवलेले, शेकड्याने, मागची सीट काढून.
गायमुखच्या चढाला गाडी मान टाकते म्हणाल्या.
बंद करून परत चालू केली की शहाणी होते,
पुढच्या चढापर्यंत.

दोन ठिकाणी दाखवून आल्या होत्या.
दोघांनी एकच शब्द सांगितला, टर्बो,
आणि एक आकडा,
जो ऐकून माणूस आधी खुर्ची शोधतो.

रोड नंबर सोळा, वागळे इस्टेट.
शेजारी पत्र्याची प्रेस, दर चार सेकंदांनी धाडकन.
मधल्या शांततेत मला गाडी ऐकायची असते.

टर्बो शिटी घालत नव्हता. तेल ओकत नव्हता.
पाइप काढून शाफ्ट हलवून पाहिला,
अक्कलदाढेसारखा पक्का.
"मग?" मोईन म्हणाला.
मग त्याच्या कुशीला चिकटलेला डबा,
वाटीएवढा, आणि त्यातून निघालेली दांडी.
हवा ओढली की वर, सोडली की खाली.
एवढंच काम, तेही दुसऱ्याच्या नावावर.

हातपंपाची नळी लावली.
मोईनने चारदा दाबलं. दांडी उठली पेरभर
आणि आमच्या देखत बसली.
काटा खाली आला सावकाश,
उसने पैसे न मिळालेला माणूस
जिना उतरतो तसा.
आतला पडदा फाटलेला.

तीन नट, दहा नंबरचे, तिन्ही गंजलेले.
तेल मारलं, चहा सांगितला.
एक तुटणार म्हणालो होतो, तुटला.
बारकी क्लिप उडाली ती थेट गटाराच्या जाळीवर,
मोईनने लोहचुंबकाला दोरी बांधून मासा धरावा तशी काढली
आणि दिवसभर त्याच खुशीत राहिला.

जुन्या दांडीवरचे आटे मोजले.
साडेअकरा. नवीवर तेवढेच.
अर्धा आटा इकडेतिकडे
की गाडी धूर काढते, नाहीतर घाबरते.

आठ, नऊ मोजताना नजर शटरकडे गेली.
शटर वाऱ्याने आपटू नये म्हणून तिथे एक जुना टर्बो ठेवलेला असतो.
दिघ्याच्या जनार्दन केणींचा.
दोन वर्षं झाली. सेहेचाळीस हजार,
चार हप्त्यांत, शेवटचा हप्ता दहा-दहाच्या नोटांत.
गाडी पळाली होती नंतर,
म्हणून मी बरोबर ठरलो होतो.
नव्या टर्बोला नवा डबा लागूनच येतो
हे तेव्हाही माहीत होतं मला.

परत पहिल्यापासून मोजले. साडेअकरा.

गायमुखला तिसऱ्या गिअरमध्ये चढली,
उजवीकडे खाडी आली तरी खाली टाकावा लागला नाही.
बाईंनी बिल उलटून पाहिलं, मागे अजून काही लिहिलंय का.
"नक्की ना? ते तर टर्बो म्हणत होते."
मी मान हलवली, हो आणि नाहीच्या मधली.

संध्याकाळी मोईनला वडापाव आणायला पाठवलं,
लांबच्या गाडीवरचा.
शटरजवळ बसलो. हातपंप त्या जुन्या डब्याला लावला.
काटा वर गेला.
काटा खाली आला.
पंख्यात बोट घातलं, धूळ झटकून तो फिरला,
आणि बोट काढल्यावरही
थोडा वेळ फिरत राहिला.

फोनमध्ये त्यांचं नाव अजून तसंच आहे,
केणी दिघा टर्बो.
दुसऱ्या रिंगला उचलला.
"बोला मिस्त्री! तुमच्या कृपेने गाडी एकदम झकास."

शेजारी प्रेस पडली.
माझ्याकडे चार सेकंद होते.