समासातली ओळ

खानापूरच्या कचेरीसमोर, झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर
मी मोडी वाचतो. पानामागे दोनशे रुपये.
समासाचे घेत नाही.

सातेरी कोलेकर आणि शिवपुत्र अंगडी
एकाच वडापमधून आले,
एकाच ओढ्यासाठी, एकमेकांविरुद्ध.
कापडात बांधलेलं दप्तर मधे ठेवलं:
तिमाजी रंगो, कारभारी. जहागिरीचं नाव आता
फक्त एका बसथांब्याला उरलंय.

"पूर्वेकडलं बघा की," सातेरी म्हणाला.
"एन बरदार्री?" शिवपुत्र वाकला.

वाचत गेलो. बोरूची शाई तपकिरी झालेली.
सव्वाशे खंडी भात, दोन बैल, एक तंटा.
मधेच हिशेब थांबवून कारभारी लिहितो:
*पाणी वाटायला बसावे तर
घागर आपल्या घरची नेऊ नये.*
पुन्हा भात. पुन्हा बैल. मग:
*दोन्ही पक्ष राजी होऊन गेले तर
एकाला ऐकू कमी येते असे समजावे.*
शिवपुत्र हसला.
सातेरीला मी पुन्हा, मोठ्यानं वाचून दाखवलं.

*हद्दीच्या दगडाखाली कोळसा पुरतात,
तो कुजत नाही म्हणोन.
वैर पुरू नये. तेही कुजत नाही.*

आणि निवाड्याचं पान आलं.
*ओढ्याच्या पूर्वेस जी जमीन ती*
इथं वाळवीनं खाल्लेलं भोक,
चिंचोक्याएवढं.
भोकातून खालचं पान दिसत होतं,
त्यावर कुणाच्या तरी लग्नातला तुपाचा खर्च.

दोघंही माझ्याकडे बघत राहिले
जणू भोक मीच पाडलंय.

समासात, आडवं, घाईघाईनं, वेगळ्या शाईत:
*काल चुकलो.
पाऊस सरल्यावर स्वतः जाऊन पाहणे.*
गेला की नाही, ते दप्तरात नाही.

"हे नको लिवू," सातेरी म्हणाला, "कोर्टात चालायचं नाही."
"तप्प माडीनि अंत बरदारेन?" शिवपुत्रानं विचारलं.
मग मराठीत, हळू: "एवढा मोठा माणूस?"

दुपारी टायपिंगला बसलेली महादेवी
भोकापाशी थांबली. म्हटलं, लिही, येथे वाळवी.
कन्नडमध्येही तसंच घाल.
मग तिनं समासावर बोट ठेवलं:
"ही ओळ धरायची?"

बाहेर चहाच्या गाड्यावर दोघं उभे होते.
एकच चहा, कप शिवपुत्राकडे, बशी सातेरीकडे,
आणि पैसे कोण देणार यावरून
नवा तंटा.

धर, म्हटलं.
पैसे लावू नको.