उजव्या कुशीवर

शेवटचं कधी खाल्लंत?
रोज विचारते. हिंदीत, अरबीत, मोडक्या मल्याळममध्ये.
सोहारच्या या दवाखान्यात सकाळी सहाला
उत्तर ठरलेलं: काल रात्री.
त्यात चहा कुणी धरत नाही. खजूर तर नाहीच.

आज परकार आले. इस्माईल परकार, बंदरावर क्रेन चालवतात.
आडनाव वाचून मी मराठीत विचारलं
तर दचकून उठूनच बसले.
"मगरीबनंतर थेंब नाय घेतला बाय.
तुम्ही दापोलीच्या काय?"
मी गुहागरची. तेवढ्यावर आम्ही दोन मिनिटं
सड्यावरून फिरून आलो.

लहानपणी ठसका लागला
की आई टाळूवर थापटायची, वर बघ, वर बघ,
आणि मी आढ्याकडे बघत राहायचे
घास वाटेला लागेपर्यंत.

भूल दिलेल्या माणसाला ठसका लागत नाही.
पोटातलं वर येतं, वाट चुकतं,
छातीत उतरतं,
आवाजसुद्धा न करता.
म्हणून हे प्रश्न. म्हणून हा थंडगार जेल.

उजव्या कुशीवर वळा, परकार.
बरगड्यांखाली यंत्र टेकवलं.
रिकामं जठर पडद्यावर
सदऱ्याच्या बटणाएवढं दिसतं.
यांचं फुगलेलं,
आत करडं, दाट,
वाऱ्याच्या दिवशी बंदरावर धूळ लोंबकळते तसं.

मला रागच आला. खरं सांगा, म्हटलं.
त्यांनी शपथ घेतली नाही.
"परवाचा भात असंल.
अठरा वर्षं साखर आहे, जेवण लवकर उतरत नाय.
पण सुट्टी एकाच दिवसाची मिळालीय.
दुर्बीण आजच घाला."

तक्त्यात वय होतं, वजन होतं,
उपवासाचे तास होते: अकरा. हिरवी खूण.
माणूस खरं बोलतो
आणि त्याचं पोट दुसरंच सांगतं,
याचे गुण किती धरायचे
ते कुठे छापलेलं नव्हतं.

डॉक्टर मैथांनी पडदा पाहिला, खूण खोडली.
दोन दिवस नुसतं पातळ, मग या.
मुकादमाच्या नावे चिठ्ठी मी लिहिली,
अरबीत, जरा कडक शब्दांत.

ते काही बोलले नाहीत. चपला घातल्या,
बाहेरच्या कूलरचा गार पेला तोंडाला लावला
आणि पहिल्याच घोटाला ठसका.
मोठा, डोळ्यांत पाणी आणणारा.

वर बघा! मी दारातूनच ओरडले.

वर फक्त एसीची जाळी होती.
परकार आज्ञाधारकपणे
तिच्याकडे बघत राहिले.