एकतीस टक्के

टीव्हीखालच्या कपाटात, जिथे पूर्वी
आईच्या भजनांच्या कॅसेट असत,
आता एक काळा डबा बसतो. पंखा घरघरतो.
विंडोजने त्याला मागच्या वर्षी कळवलं :
तुझं वय झालं, पुढची आवृत्ती तुला मिळणार नाही.
मी लेखा खात्यात कारकून,
निवृत्तीच्या नोटिशीची भाषा मला लांबून ओळखू येते.

म्हणून लिनक्स.
पेन ड्राइव्ह म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतला,
सुक्या बांगड्यांच्या ओळीपलीकडे.
डिचोलीला उतरेपर्यंत खिशाला तोच वास.
पहिल्या रात्री चित्र आलं, आवाज आला नाही.
माणसं तोंडं हलवत होती, घोडे मुके धावत होते.
श्रेयसी म्हणाली, बाबा,
आजोबा मशीन काढून ठेवतात तेव्हा त्यांना असंच दिसत असणार.
दुसऱ्या रात्री आवाज आला.
कुठून, ते अजून ठाऊक नाही.
कुठेतरी एक ओळ बदलली होती,
वहीत लिहून ठेवायची राहिली.

मग मात्र, खोटं कशाला बोलू,
सोफ्यावरून न उठता कंट्रोलरचं एक बटण दाबलं
की डबा जागा. पुन्हा दाबलं की झोप,
आणि खेळ तिथेच थांबलेला, राक्षस अर्ध्या जांभईत.
ना उशीखाली माउस शोधणं,
ना कोपऱ्यातून डोकावणारी जाहिरात.
विशाखाने, जिला या सगळ्याचा कंटाळा,
कुकरच्या तीन शिट्ट्यांत दोन शर्यती जिंकल्या.
त्या आठवड्यात कुणी विचारलं असतं
तर मी म्हणालो असतो, हो.
काढून टाका विंडोज.

पण शनिवार असतो ना.
शनिवारी साडेदहाला कायतान येतो,
येतो म्हणजे स्विंडनहून, गोदामातली पाळी संपवून.
दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर.
त्याच्या आजोबांचा जन्मदाखला आधी लिस्बनला गेला,
मागोमाग तो.
आता एका बेटावर पॅराशूटने उतरतो दोघं,
तो डावीकडून, मी उजवीकडून.
त्या बेटाच्या दारात एक पहारेकरी आहे, लबाडी पकडणारा.
त्याने माझं लिनक्स पाहिलं आणि दार लावलं.
कारण नाही, अर्जाचा नमुना नाही,
वरिष्ठांकडे दाद नाही.
बाकी दोनशे खेळ उघडे. हा एक बंद.
आणि कायतान त्या एकातच राहतो.

तेव्हा डिस्कच्या कोपऱ्यात
विंडोजला एक खोली ठेवली,
भाडेकरूला देतात तशी, दार मागून.
गेल्या शनिवारी सहा दिवसांनी ते उघडलं
तर म्हणतं, अपडेट सुरू आहे, बंद करू नका.
एकतीस टक्के.

कायतान फोनवर : कितें रे, येता मू तूं?
थांब. एकतीस.
मग तो बोलत राहिला.
तिकडे पाचलाच अंधार पडतो.
आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मे महिन्यात, रजा मिळेलसं दिसत नाही.
शेजारचा पोलिश माणूस त्याच्याकडे बांगडा खातो
आणि रडत रडत परत मागतो.
बाल्कांवाची कौलं तू एकदा बघून ये, आई सांगत नाही काही.
बत्तीस.
एरवी बेटावर आमचं बोलणं इतकंच :
डावीकडे. गोळ्या संपल्या. ये, ये लवकर.

चौऱ्याहत्तरला वीज गेली.
डबा गप्प. फोनचा तेवढा उजेड.
तुमगेर अजून वता? कायतान हसला,
बराच वेळ हसला.
श्रेयसी अंधारातून म्हणाली,
मग बाबा, लिनक्स चाललं की नाही? एक काय ते सांगा.
मी मेणबत्ती शोधत होतो.

रविवारी पोदेर येऊन गेल्यावर
स्कूटर काढून मयेला गेलो.
सात कौलं फुटलीत, एक वासा मऊ झालाय.
म्हातारीने चहा दिला, कौलांचा विषय काढू दिला नाही.
फोटो पाठवलेत.
डबा अजून लावलेला नाही.