कपाट अकरा, खण तिसरा

पत्र आलं तेव्हा मी सुईत दोरा ओवत होते.
बडोद्याच्या या खोलीत एकतीस वर्षं
वाळलेले देठ कागदावर टाचते आहे मी.
घरी गेले तरी पदराला डांबरगोळ्यांचा वास;
नातू म्हणतो, आजी, तू कपाटात राहतेस का?

पत्र ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम टोकाचं.
फार जुन्या अदलाबदलीत
आमचं एक झुडूप तुमच्याकडे आलं होतं.
आहे का अजून?
आमच्याकडे नाही.

भीखाभाईनं शिडी धरली.
पुराच्या वर्षी विश्वामित्री पहिल्या खणापर्यंत चढली होती,
आवारात मगर,
आणि आम्ही दोघं कंदिलाच्या उजेडात
हातोहात गठ्ठे माळ्यावर चढवत होतो.
ज्यानं जन्मभर वीतभर पावसावर भागवलं
ते इथे येऊन बुडून मरायचं राहिलं.

लेबल निळ्या शाईतलं.
रेताड माळ. विहिरीपासून तीन मैल, कुंपणाच्या कडेला.
कमरेइतकं उंच. फुलं पिवळी.
फुलं आता चहाच्या चोथ्यासारखी.
पिवळेपणा उरला तो त्या एका शब्दात.
पत्ता स्पष्ट,
रोप बेपत्ता.

सोबत नकाशा होता.
तांबेकर मॅडमनी पडद्यावर मोठा करून दाखवला.
एवढा थोरला देश, त्यावर सुईनं टोचल्यासारखे पाच ठिपके.
भरीव म्हणजे आहे, पोकळ म्हणजे होतं.
पाचही पोकळ.
दोन गव्हाच्या शेतात गेले.
एक रस्ता रुंद केला तेव्हा.
एक दफनभूमीच्या भिंतीलगत बरीच वर्षं तगला,
मेलेल्यांनी सांभाळला म्हणायचं,
मग कुणीतरी हौसेनं गवत साफ केलं.
पाचव्याचं कारण लिहिलेलं नाही.

खिडकीबाहेर नीलगिरी. त्याच मातीची लेक.
हिला कोण मोजतो?
हालोलच्या वाटेवर, कालव्याच्या बांधावर,
सरपणात, सर्दीच्या तेलात, जिथे टाकाल तिथे नांदते.
आणि ही तिची धाकटी
माहेरची शीव ओलांडून कुठे गेली नाही.
आली ती अशी, कागदावर, आडवी.

परतीच्या कागदात रकाना होता: स्थिती.
मॅडम म्हणाल्या, आपल्यात काय म्हणतात हो याला?
म्हटलं, नामशेष.
म्हणताना लेबलाकडे नजर गेली.
नावाच्या जागी कसरीनं घर केलेलं,
पहिला शब्द गेला, दुसरा अर्धा.
इथे तर नावच गेलंय,
बाकी सगळं आहे.

कोपऱ्यात एक चिकटवलेली पुडी होती.
कुणी कधी उघडली नसावी.
भिंगाखाली चार बिया, मोहरीहून बारीक.
भीखाभाई म्हणाला, ताई, वावून बघा ने.
मॅडम हसल्या.
एवढ्या वर्षांचं विष लागलंय कागदाला.
शिवाय यांच्यातल्या कितीतरी जातींना नुसतं पाणी पुरत नाही;
वणवा जाऊन गेल्यावरचा धूर लागतो,
तेव्हा कुठे डोळे उघडतात.

धूर.
आमच्याकडे न्हाऊ घातलेल्या बाळाला देतात तो,
शेगडीवर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा.
माझी आई टोपलीत पालथं घालून द्यायची धुरी,
ठसकून रडलं की म्हणायची, आता जगेल.
हे मी मॅडमना सांगितलं नाही.
विज्ञानाच्या खोलीत काय काय बोलायचं?

बिया परत पाठवायचं ठरलं.
ज्यांच्या आहेत त्यांनी बघावं, त्यांच्याकडे धूरही त्यांचा.
आढळस्थान या रकान्यात मी लिहिलं:
कपाट अकरा, खण तिसरा, बडोदे.
मॅडमनी वाचलं. खोडलं नाही.

पाकीट बंद करण्याआधी
भीखाभाईनं बिया दोनदा मोजल्या.
चारच होत्या.
त्याचा माझ्यावर विश्वास नव्हता.
खरं सांगायचं तर
त्या दिवशी माझाही नव्हता.